चंद्रावरचे टोकदार डोंगर आणि माझ्या आकृतीतला लाल गोल



पेट झाली, मुलाखत झाली, गाईड मिळाले. आता सिनॉप्सिस लिहायला बसलात की पहिल्या आठवड्यातच तुम्ही एक आकृती काढाल. पॉवरपॉइंट उघडाल, गोल आणि बाण टाकाल, रंग भराल, आणि 'चला, विषय कळला' असं वाटून जरा बरं वाटेल.

मीही काढली होती. माझं काम झिंक ऑक्साइडच्या पातळ फिल्म्सवर आहे, गॅस सेन्सरसाठी. आमच्याकडे एक ठरलेली आकृती असते. दोन कण शेजारी शेजारी, त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे आयन चिकटलेले, बाहेरून वायूचा रेणू येतो, त्या आयनाशी अभिक्रिया होते आणि अडकलेला इलेक्ट्रॉन कणात परत जातो. मी ती नव्याने काढली आणि ऑक्सिजनला छान लाल रंग दिला.

प्रगती सेमिनारमध्ये मागच्या बाकावरून एका सरांनी विचारलं, "हा लाल गोल तू कुठे मोजलास?"

मोजला नव्हता. मी फिल्मचा रेझिस्टन्स मोजला होता. वायू सोडला की तो किती बदलतो, किती सेकंदांत बदलतो, हे माझ्याकडे होतं. लाल गोल मी वाचून घेतला होता, आणि ज्यांचं वाचलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी तो आणखी कुणाचं तरी वाचून घेतला होता. मी काहीतरी पुटपुटले आणि पुढची स्लाइड लावली.

त्यानंतर काही दिवस मी सेन्सर सोडून भलतंच वाचत बसले: न पाहिलेल्या जगांची चित्रं काढणाऱ्या कलाकारांबद्दल. आज तीच गोष्ट सांगते. ती आहे अमेरिकेतली आणि फ्रान्समधली, चंद्राची आणि शनीची. पण वाचताना तुमची आकृती डोळ्यांसमोर ठेवा.

शनी टायटनवरून कसा दिसेल?

चेस्ली बोनस्टेल यांचा जन्म १८८८चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. १९०५ साली, सतरा वर्षांचे असताना, ते हॅमिल्टन पर्वतावरच्या लिक वेधशाळेत गेले आणि दुर्बिणीतून त्यांनी शनी पाहिला. घरी येऊन त्याचं चित्र काढलं. पुढच्याच वर्षी भूकंप झाला, शहराला आग लागली आणि त्यात ते चित्र जळून गेलं.

पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांनी वास्तुकलेचं शिक्षण घेतलं, पण ते अर्धवट सोडलं. तरी काम वास्तुकलेतच केलं. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगच्या रचनेत त्यांचा सहभाग होता. गोल्डन गेट पूल बांधून झाल्यावर कसा दिसेल, हे लोकांना कळावं म्हणून त्याची चित्रं त्यांनी काढली. मग हॉलिवूडमध्ये गेले. तिथे पडद्यावर दिसणारी मोठमोठी शहरं, चर्च, राजवाडे पुष्कळदा खरे नसायचे. ते रंगवायचे आणि खऱ्या दृश्याशी जोडायचे. 'सिटिझन केन' (१९४१) या चित्रपटासाठी त्यांनी असं काम केलं आहे.

म्हणजे बघा, जे अजून नाही ते असल्यासारखं दाखवणं हा या माणसाचा आयुष्यभराचा व्यवसाय होता. पूल नाही, पण चित्रात आहे. शहर नाही, पण पडद्यावर आहे.

२९ मे १९४४च्या 'लाइफ' मासिकात त्यांची शनीची चित्रं छापून आली. एकच शनी, पण त्याच्या वेगवेगळ्या उपग्रहांवरून पाहिलेला. कॅमेरा एका जागेवरून दुसरीकडे नेला की दृश्य कसं बदलतं, हा सिनेमातला अनुभव त्यांनी सूर्यमालेला लावला. यातलं टायटनवरचं चित्र सगळ्यात गाजलं. बर्फ साचलेले कडे, गडद निळं आकाश आणि त्यात टेकलेला भलामोठा शनी.

आता एक छोटा हिशोब करा. शनीचा व्यास साधारण १,२०,००० किलोमीटर. टायटन त्याच्यापासून साधारण १२ लाख किलोमीटरवर. भागाकार केला तर ०.१ रेडियन येतं, म्हणजे साडेपाच-पावणेसहा अंश. आपल्याला आपला चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो. तेव्हा टायटनवरून शनी आपल्या चंद्राच्या अकरापट रुंद दिसायला हवा. शिवाय टायटन जवळजवळ कड्यांच्याच पातळीत फिरतो, त्यामुळे कडी पसरट न दिसता एका बारीक रेषेसारखी दिसायला हवीत. बोनस्टेल असे हिशोब करून चित्रं काढायचे. भूभागाचं मॉडेल बनवायचे, त्यावर हवा तसा प्रकाश पाडून फोटो काढायचे आणि मग रंगवायचे. चित्रं फोटोसारखी वाटतात, त्याचं एक कारण हे.

एकाच ब्रशने रंगवलेले तीन थर

हे चित्र मी सेमिनारमधल्या सरांच्या नजरेने पाहायचा प्रयत्न केला. त्यात काय कुठे मोजलंय? मला तीन थर दिसले.

पहिला, मोजलेलं. शनीचा व्यास, टायटनचं अंतर. टायटनला वातावरण आहे, हेसुद्धा याच थरात येतं, कारण जेरार्ड कायपर यांना त्याच सुमारास टायटनच्या वर्णपटात मिथेनच्या खुणा सापडल्या होत्या.

दुसरा, हिशोबाने आलेलं. शनीचा आकाशातला आकार, कड्यांची रेषा, प्रकाशाची दिशा.

तिसरा, मानलेलं. वातावरण आहे, तर आकाश आपल्यासारखं निळं असेल. थंडी आहे, तर बर्फ असेल. जमीन आहे, तर कडे असतील.

पहिले दोन थर आजही टिकून आहेत. तिसऱ्याचं काय झालं? १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स हे यान टायटनवर उतरलं. आकाश नारिंगी निघालं. दाट धुरकट थराखाली गुळगुळीत गोटे पसरलेले होते आणि शनी डोळ्यांना दिसावा इतकं ते आकाश मोकळं नव्हतंच. चित्राचा मुख्य विषयच त्या जागेवरून दिसत नाही!

यात बोनस्टेल यांना हसण्यासारखं काही नाही. १९४४ साली यापेक्षा सावध चित्र काढणं अवघड होतं. अडचण वेगळीच आहे. चित्र पाहणाऱ्याला हे तीन थर वेगळे दिसत नाहीत. कड्यांची रेषा ज्या ठामपणे रंगवली आहे, त्याच ठामपणे आकाशाचा निळा रंगही दिला आहे. लिहिताना आपण 'बहुधा', 'असावं', 'असं दिसतं' असे शब्द वापरतो. ब्रशकडे 'बहुधा' नसतं. पॉवरपॉइंटमधल्या गोलाकडेही नसतं.

चंद्रावर डोंगर टोकदार का झाले?

टायटन फार दूर. चंद्र तर रोज दिसतो. तिथे काय झालं ते जास्त बोलकं आहे.

१८७४ साली इंग्लंडमध्ये जेम्स नॅस्मिथ आणि जेम्स कार्पेंटर यांनी चंद्रावर एक पुस्तक काढलं. नॅस्मिथ म्हणजे वाफेवर चालणाऱ्या हातोड्यामुळे प्रसिद्ध झालेले इंजिनिअर. दुर्बिणीतून पाहून त्यांनी चंद्राच्या पृष्ठभागाची प्लास्टरची मॉडेल्स बनवली, उन्हात ठेवून त्यांचे फोटो काढले आणि ते पुस्तकात छापले. चंद्रावर उभं राहिलं तर कसं दिसेल, याचंही दृश्य त्यात आहे. डोंगर सुळक्यांसारखे, करवतीच्या दात्यांसारखे.

असं का वाटलं असेल? चंद्राचे खड्डे आणि डोंगर सगळ्यात स्पष्ट दिसतात ते उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर. तिथे सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो. सूर्य ३ अंशांवर असताना १०० मीटर उंचीच्या टेकडीची सावली किती लांब पडेल? त्रिकोणमिती आठवा: साधारण १,९०० मीटर. उंचीच्या एकोणीसपट. संध्याकाळी मैदानावर आपली सावली कशी लांबुडकी होते, तसंच. बसकी, गोलसर टेकडी असली तरी तिची सावली ताणून निमुळती होते, टोकाला सुईसारखी. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला सावली दिसते आणि मनात डोंगर उभा राहतो. सावलीचा टोकदारपणा डोंगराला चिकटतो.

वर त्याला जोड मिळाली एका तर्काची. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, नद्या नाहीत. मग डोंगर झिजणार कशाने? पृथ्वीवर कडा बोथट होतात त्या वाऱ्या-पाण्याने. ते नसेल तर डोंगर जन्माला आले तसेच धारदार राहणार. ऐकायला किती बिनतोड वाटतं! मला विचाराल तर व्हायवात हे उत्तर दिलं असतं तर मार्क मिळाले असते.

१९४९ साली बोनस्टेल यांची चित्रं आणि विली ले यांचा मजकूर असलेलं 'द कॉन्क्वेस्ट ऑफ स्पेस' आलं. १९५० साली 'डेस्टिनेशन मून' चित्रपट आला, त्याची चंद्रभूमी बोनस्टेल यांनी रंगवली. दोन्हीकडे सुळके. १९५४च्या टिनटिनच्या चंद्रावरच्या पुस्तकातही सुळके. १९५७ मध्ये बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयात बोनस्टेल यांचं ४० फूट लांब आणि १० फूट उंच भित्तिचित्र लागलं. तिथेही तेच. एका पिढीला चंद्र विचारला तर तिच्या डोळ्यांसमोर तेच डोंगर यायचे.

'डेस्टिनेशन मून'चा एक किस्सा मला फार आवडतो. सेट बनवणाऱ्यांना जमिनीवर भेगा हव्या होत्या, वाळलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा. भेगा मागे मागे लहान करत नेल्या की छोटा सेट दूरवर पसरल्यासारखा दिसतो. बोनस्टेल यांनी विरोध केला. चिखलाला भेगा पडायच्या तर आधी पाणी हवं, आणि चंद्रावर पाणी कुठलं? त्यांचं चाललं नाही, पडद्यावर भेगाच आल्या. म्हणजे हा माणूस बेफिकीर मुळीच नव्हता. दुसऱ्याने मानलेलं त्याला चटकन दिसलं. स्वतःच्या सुळक्यांमध्येही एक मानलेलं दडलं होतं, ते सुटलं. आपलं सगळ्यांचं असंच होतं, नाही का?

रुदो कुठे बघत होते?

आता फ्रान्समध्ये जाऊ, आणि काळात थोडं मागे. ल्युसियाँ रुदो (१८७४–१९४७) हे खगोल-निरीक्षकही होते आणि चित्रकारही. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोनव्हिल-ले-बॅं इथे त्यांची स्वतःची वेधशाळा होती. १९३७ साली त्यांचं 'स्युर लेझोत्र माँद' म्हणजे 'इतर जगांवर' हे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झालं. बोनस्टेल यांच्या पुस्तकाच्या बारा वर्षं आधी. त्यातले चंद्राचे डोंगर बसके आहेत, गोलसर आहेत, झिजल्यासारखे आहेत.

रुदो यांच्याकडे यान नव्हतं. मग त्यांना कसं कळलं? ते चंद्राच्या कडेकडे बघत होते.

चंद्रबिंबाची जी बाहेरची कड असते, तिथे डोंगर आपल्याला बाजूने दिसतात, काळ्या आकाशापुढे, बाह्यरेखेसकट. तिथे सावलीवरून अंदाज बांधावा लागत नाही, डोंगराचा आकार थेट दिसतो. आणि ती कड काही करवतीसारखी दिसत नाही, हळुवार वरखाली होते. सुळके खरे असते तर ते तिथे दिसायला हवे होते.

ही कड सगळ्यांसाठी उघडी होती. त्यासाठी नवं उपकरण लागत नव्हतं. फक्त 'माझा अंदाज खोटा असेल तर तो कुठे उघडा पडेल?' असं विचारून त्या जागी बघायचं होतं.

निकाल

नोव्हेंबर १९६६ मध्ये लूनर ऑर्बिटर-२ या यानाने कोपर्निकस विवराचा तिरकस फोटो पाठवला. आतले डोंगर मऊ उताराचे. १९६८च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात मात्र चंद्र अजून खडबडीत आणि टोकदारच होता. सवय मोडायला वेळ लागतो. १९७१ मध्ये अपोलो-१५ हॅडली पर्वताजवळ उतरलं. पर्वत काही किलोमीटर उंच, पण आकार कसा? धान्याची रास ओतून ठेवावी तसा.

त्या बिनतोड तर्कात भोक कुठे होतं? 'वारा-पाणी नाही' हे बरोबर होतं. 'म्हणून झीज नाही' हे चुकलं. हवा नसल्यामुळेच बारीक-मोठ्या उल्का चंद्रावर थेट आदळतात. अब्जावधी वर्षं हा मारा चालू आहे. खडक फुटतात, चुरा उडतो, उतारावर साचतो, कडा बोथट होतात. ज्या गोष्टीमुळे डोंगर टोकदार राहतील असं वाटत होतं, तिनेच त्यांची झीज व्हायला वाट करून दिली.

बॉस्टनमधलं ते भित्तिचित्र १९७० साली उतरवलं. माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर ते भिंतीवर ठेवणं योग्य वाटेना. पुढे ते स्मिथसोनियन संस्थेकडे गेलं, विज्ञान शिकवायला नव्हे, तर इतिहासाचा दस्तऐवज म्हणून. तुम्हीआम्ही २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३ उतरताना पाहिलं. नंतर आलेल्या फोटोंत काय होतं? राखाडी, उंचसखल माती, उथळ खड्डे. कुणालाही सुळके न दिसल्याचं आश्चर्य वाटलं नाही.

मग अशी चित्रं काढायचीच नाहीत?

असा निष्कर्ष काढू नका, मीही काढला नाही. १९५२ ते १९५४ या काळात 'कॉलियर्स' मासिकाने अंतराळप्रवासावर लेखमाला छापली. लेखकांत वेर्नर फॉन ब्राउन होते, चित्रकारांत बोनस्टेल. चित्रं काढण्यासाठी बोनस्टेल यांना यानाचा प्रत्येक भाग समजून घ्यावा लागे. फॉन ब्राउन यांनीच नंतर सांगितलं आहे की आपली रेखाटनं त्यांच्याकडे पाठवली की त्यातल्या विसंगती दाखवणारे बारीक प्रश्न परत यायचे. शब्दांत झाकून जाणारी चूक चित्रात झाकता येत नाही. अंतराळप्रवास ही इंजिनिअरिंगची गोष्ट आहे, हे सर्वसामान्य वाचकाला पटवण्यात त्या पानांचा मोठा वाटा होता.

आजही हेच चालू आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याचं जाहीर झालं, तेव्हा त्यांची सुरेख चित्रं जगभर फिरली. पाणी, बर्फ, ढग. मोजलेलं काय होतं? ग्रह ताऱ्यासमोरून गेला की उजेड किती कमी होतो आणि किती वेळाने. त्यावरून ग्रहाचा आकार आणि भ्रमणकाळ. वस्तुमानाचा अंदाज ग्रहांच्या वेळा मागेपुढे होण्यावरून. पाणी कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्या चित्रांखाली 'ही कलाकाराची कल्पना' असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड होताना चित्र जातं, खालची ओळ जात नाही.

लाल गोलाचं पुढे काय झालं

सेमिनारच्या वेळी मला फक्त लाज वाटली होती. चूक खरी कळली नंतर. आमच्या लॅबमधल्या एम.एस्सी.च्या एका विद्यार्थ्याने प्रोजेक्ट रिपोर्ट वाचायला दिला. त्यात माझी आकृती होती. खाली आदराने माझं नाव, आणि मजकुरात आयनाचा प्रकार अगदी ठामपणे लिहिलेला. 'ताईंनी दाखवलंय' असं तो म्हणाला. मी दाखवलं नव्हतं. मी रंगवलं होतं. माझं भित्तिचित्र कुणाच्या तरी भिंतीवर लागलंही होतं.

आम्ही दोघं बसलो आणि आकृती पुन्हा काढली. पद्धत साधी आहे, तुम्हीही वापरा. मोजलेलं सलग रेषेने. हिशोबाने आलेलं तुटक रेषेने. मानलेलं नुसत्या ठिपक्यांनी, आत रंग न भरता. आणि आकृतीच्या खाली नव्हे, आकृतीच्या आतच लिहायचं: 'मोजलेलं नाही'. म्हणजे कुणी उचलून नेली तरी ती ओळ सोबत जाते. पहिल्यांदा अशी आकृती काढाल तेव्हा जरा रिकामी वाटेल, गाईड म्हणतील हे काय. वाटू दे. तो रिकामेपणा म्हणजेच तुमच्या पीएचडीची जागा आहे.

मग शेवटचा प्रश्न विचारायचा: माझ्या विषयात चंद्राची कड कुठे आहे? माझ्यापुरती एक सापडली आहे. हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदलत नेलं आणि त्यानुसार रेझिस्टन्स कोणत्या घाताने बदलतो ते पाहिलं, तर आयन कुठल्या प्रकारचा असावा याबद्दल काही बोलता येतं. हाही आडून मिळणारा पुरावा आहे, पण निदान माझा अंदाज चुकला तर तिथे उघडा पडेल. मोजमापं सध्या चालू आहेत. लाल गोल ठिपक्यांचाच आहे.

जाता जाता एक. मंगळावर बोनस्टेल यांच्या नावाचं विवर आहे आणि रुदो यांच्या नावाचंही. दोघांनाही जागा मिळाली, मला हे बरोबर वाटतं. एकाने आपल्याला तिथे जावंसं वाटायला लावलं, दुसऱ्याने कुठे बघायचं ते दाखवलं. संशोधनाला दोन्ही लागतात. फक्त आपण या क्षणी कुठलं काम करतोय, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे, आणि आपली आकृती पाहणाऱ्यालाही.

तुमची सिनॉप्सिसची आकृती आज एकदा उघडा. प्रत्येक बाणावर बोट ठेवा आणि विचारा: तू कुठे मोजलास?